यमुनेनं सही केली होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी ऑफिसातल्या राजकारणापासून रक्तातल्या साखरेपर्यंत सगळं सांगत आलो आहे. तुम्हाला का सांगतो आहे? तुमचा चेहरा मला दिसत नाही, हे एक कारण असेल. दुसरं असलंच तर मला ते अजून नीट मांडता आलेलं नाही.

मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. बातमीदार बातमी आणतो. डेस्कवरचा माणूस ती कापतो, सरळ करतो, मथळा देतो, पानात बसवतो. त्याचं नाव कुठेही छापून येत नाही. या कामातला पहिला धडा असा, की जागा कमी पडली तर बातमी खालून कापायची. महत्त्वाचं सगळं वर असतं, खाली राहतो तो तपशील. हा धडा मी नव्या पोरांनाही शिकवला. पुढे जे झालं ते या धड्यामुळे झालं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं म्हणता येत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही घणसोलीला सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मी कथालेखनाचा वर्ग घेऊ लागलो. फी नव्हती. येणारे बहुतेक निवृत्त — बँकेतले, शाळेतले, एक दोन गृहिणी. मी फळ्यावर मधोमध रेघ मारायचो. एका बाजूला लिहायचो ‘बाहेरचा संघर्ष’, दुसऱ्या बाजूला ‘आतला संघर्ष’. पात्राला बाहेरून कोण अडवतं, आणि पात्र आतून स्वतःला कुठे अडवतं — या दोन गोष्टी एकमेकींवर आपटल्या की कथा होते, असं मी सांगायचो. मला ते पटलेलं होतं. अजूनही पटतं. म्हणून तर त्रास होतो.

विमलताई त्या वर्गात आल्या त्या गेटवरची पाटी वाचून. राहायच्या घणसोली गावात, आमच्या टॉवरच्या मागेच. नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. घराच्या वर बांधलेल्या खोल्या भाड्याने दिलेल्या, आणि भाडेकरूंच्या भांडणांचा निवाडा जिन्यात बसून त्याच करायच्या. माहेर उलव्याचं. पहिल्याच दिवशी मी फळ्यावरची रेघ समजावून सांगितली तेव्हा त्या मागच्या खुर्चीवरून म्हणाल्या, “सर, आमच्या गावात सगला बाहेरचाच संघर्ष. आतला ठेवायला जागा कुटं हाय? एकेका खोलीत सा-सा मानसं.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या मात्र हसल्या नव्हत्या. त्या वहीत काहीतरी लिहून घेत होत्या.

त्यांनी लिहिलेली पहिली पुरी कथा यमुनेची. इकडच्या गावांची शेतं, मिठागरं नवं शहर वसवण्यासाठी सरकारने घेतली. त्या बदल्यात घरटी भूखंड मिळाले. कागदावर मुलींचीही नावं लागतात. म्हणून भाऊ बहिणीला रजिस्टर ऑफिसात नेतो आणि ती हक्कसोडावर सही करते — माझा हिस्सा मी भावाला सोडला. बहुतेक बहिणी करतात. करत नाहीत त्यांचं माहेर बंद होतं. विमलताईंनी स्वतः सही केली होती, हे गावात सर्वांना ठाऊक होतं आणि वर्गात त्यांनीच सांगितलं होतं.

त्यांच्या कथेतली यमुनाही सही करते. भाऊ म्हणतो, काय पाहिजे ते माग. ती म्हणते, काही नको, फक्त तुझ्या घरात मला पाणी मागायला लावू नकोस. मग दोघं घरी येतात. यमुना सरळ आत जाते, माठातलं पाणी आपल्या हाताने घेते आणि पिते. बस्स. एवढीच कथा.

मला ती आवडली, आणि अपुरी वाटली. मी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, यात संघर्ष कुठे आहे? ती चिडत नाही, रडत नाही, नाही म्हणत नाही. विमलताईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, “हाय ना, सर. तिचा हात माठाकडं जातो तवा भावजय काय बोलत नाय. त्याच्यात सगला आला.”

मी म्हणालो, वाचकाला ते कळणार नाही. तिने पेन खाली ठेवलं तर? नाही म्हणाली तर? त्यांनी नाही अशी मान हलवली. त्या दिवशी जाताना दारात थांबून त्यांनी मला वेगळं सांगितलं: “सर, बाकी काय पन बदला. पर ती सही करते. ते बदलू नका. मना दादूसच्या घरी जायचं असतं.”

दादूस म्हणजे त्यांचा भाऊ. मी म्हणालो, नाही बदलणार. हे माझं वाक्य मला स्पष्ट आठवतं.

त्या वर्षी इथल्या एका सांस्कृतिक मंडळाने दिवाळी अंक काढायचं ठरवलं आणि संपादन माझ्याकडे दिलं. अंक लहान, जाहिराती फरसाणवाल्यांच्या आणि क्लासवाल्यांच्या. पण मुखपृष्ठावर संपादक म्हणून माझं नाव — आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव छापून येणार होतं. याला मी किती महत्त्व देत होतो हे तेव्हा मान्य केलं नसतं. विमलताईंची कथा मी घेतली. गौरी-गणपतीच्या दिवसांत मी त्यांना फोन केला. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, मागे आरती चालू होती. फोटो कुठला छापू आणि परिचयात काय लिहू, एवढंच मला विचारायचं होतं. त्या ओरडूनच बोलल्या, “चालेल सर, चालेल, तुमी बघा काय ते.” फोन संपला.

हा फोन लक्षात ठेवा. मी ठेवला होता.

अंकाची पानं जवळच्या पावणे गावातल्या एका छापखान्यात लावली जात होती. विमलताईंची कथा पानाबाहेर थोडी गेली. किती? शेवटचा परिच्छेद. डेस्कवर घालवलेल्या आयुष्याने माझ्या हाताला जे शिकवलं होतं ते हाताने केलं — खालून कापलं. सही, घरी येणं, माठ, पाणी, सगळं गेलं. उरलेली कथा कुठे संपत होती? यमुनेच्या हातात पेन आहे आणि समोर कागद आहे, तिथे. मी ते वाचलं. आणि मला वाटलं, हीच तर ती जागा. मी दोन ओळी लिहिल्या. यमुनेने पेन खाली ठेवलं. ‘माझा हिस्सा माझाच,’ ती म्हणाली.

जागा नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. जागा होती. समोरच्या पानावरची फरसाणची जाहिरात बोटभर वर सरकवली असती तर अख्खा परिच्छेद बसला असता. पानं लावणारी मुलगी तसं म्हणालीही. मी तिला म्हणालो, असंच राहू दे.

का? इथे मला एक सांगायलाच हवं, आणि ते कारण म्हणून सांगत नाही. माझ्या बहिणीनेही आमच्या कराडच्या जमिनीवरचा हक्क सोडला आहे. माझ्यासाठी. मी न मागता — किंवा मी मागितलं नाही, असं मला वाटतं. सही करताना तिच्या पोटात काय होतं हे मी तिला कधी विचारलेलं नाही. कागदावरच्या यमुनेला ‘नाही’ म्हणायला लावणं मात्र किती सोपं होतं. त्यात माझं काहीच जात नव्हतं. धीट वाटलं मला त्या दिवशी. खरंच वाटलं.

अंक दिवाळीच्या आधी आला. मंडळाच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम झाला. विमलताई साडी नेसून आल्या, नारळ घेतला, प्रती घेतल्या. कथा त्यांनी उघडून पाहिली ती फक्त नाव आणि फोटो बघायला. आत काय आहे ते त्यांना माहीत होतं; त्यांनीच तर लिहिलं होतं. तिथूनच त्या फराळाचा डबा आणि एक प्रत घेऊन उलव्याला भावाकडे गेल्या. आपलं छापलेलं पहिल्यांदा कुणाला दाखवावं? मी तर माझ्या बहिणीला दाखवलं असतं.

तिथे काय झालं ते मला नंतर त्यांच्याकडूनच कळलं. दादूस खुर्ची ओढून बसला. भावजय आतून हात पुसत आली. भाची वाचायला लागली. वाडीवस्तीची नावं बदललेली होती, पण घर ओळखू येत होतं. सगळे हसत होते, दादूस तर मध्येमध्ये दाद देत होता. मग भाची शेवटाला आली आणि तिने ते वाचलं. माझा हिस्सा माझाच.

 विमलताई म्हणाल्या, हे मी लिहिलेलं नाही. भावजय म्हणाली, मग तुमचं नाव कशाला आहे त्याच्यावर? फोटोपण तुमचाच दिसतोय. विमलताई पुन्हा म्हणाल्या, मी असं लिहिलं नाही, सरांना विचारा. आणि त्यांनी मला फोन लावला.

कार्यक्रमानंतरचं जेवण लांबलं होतं, मी अजून हॉलमध्येच होतो. भोवती मंडळाचे लोक, हातात चहा. अध्यक्ष नुकतेच म्हणाले होते, की सर, अंकातला सगळ्यात जोरदार शेवट तुमच्या त्या गाववाल्या बाईंचा. कोण म्हणेल नवीन लेखिका आहे? मी मान झुकवून ती दाद घेतली होती — त्यांच्या वतीने, असं समजून. तेवढ्यात फोन वाजला.

“सर,” विमलताई म्हणाल्या, “यमुना सही करते ना? जरा सांगा.”

आवाजात भीती नव्हती. माणूस साक्षीदाराला हाक मारतो तसा आवाज होता. आपला माणूस आहे, तो सांगेल.

मला काय काय करता आलं असतं? ‘शेवट मी बदलला, त्यांना न विचारता.’ एक वाक्य. डेस्कवर मी याहून अवघड वाक्यं मिनिटभरात लिहिली आहेत. पण अध्यक्ष माझ्याकडे पाहत होते, आणि लेखकाला न विचारता शेवट बदलणारा संपादक कोण हे त्यांनाही कळलं असतं. मी म्हणालो, “ताई, तुम्हाला मी फोनवर वाचून दाखवलं होतं ना? गणपतीत. तुम्ही चालेल म्हणालात.”

 पलीकडून एक पुरुषी आवाज आला, अगदी जवळून: “झाला ना आता? ठेव.”

तेव्हा मला कळलं की फोन स्पीकरवर होता. आणि ठेवायच्या आधी विमलताईंचं बोलणं आलं, माझ्याशी नव्हे, कुणाशी तरी: “हां... घरात गडबड व्हती. मी बोलले असेन.”

बोलले असेन. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त. मी शिकलेला, संपादक, मी कशाला खोटं बोलेन?

हे तुम्हाला कळलं का, मी काय केलं ते? शेवट बदलला हा पहिला गुन्हा, आणि तो त्यातल्या त्यात लहान. त्यांच्याकडे भावाला सांगायला एकच गोष्ट होती — हे मी लिहिलेलं नाही. ती खरी होती, आणि पुरली असती. ती मी भर बैठकीत, त्यांच्या हातातून काढून घेतली. मी लगेच परत फोन करू शकत होतो. संध्याकाळी करू शकत होतो. दुसऱ्या दिवशी उलव्याला जाऊन दादूससमोर उभा राहू शकत होतो. घणसोलीहून ते काही लांब नाही. मी चहा संपवला.

भाऊबीजेला दादूस दरवर्षी सकाळीच गाडी घेऊन घणसोलीला यायचा. त्या वर्षी आला नाही. मी दुपारी गावातल्या दुकानात जाताना त्यांच्या दारावरून गेलो. ओट्यावर रांगोळी, चौरंग, त्याच्यावर झाकलेलं ताट. विमलताई दारात उभ्या होत्या, भाडेकरणीशी बोलत. मला बघून म्हणाल्या, “या सर, फराल करा.” मी म्हणालो, घाई आहे. खरंच तेच म्हणालो.

दिवाळीनंतरच्या रविवारी त्या वर्गाला आल्या. वर्ग संपल्यावर खुर्च्या लावायला थांबल्या. मला वाटलं, आता विचारतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी विचारलं नाही. खुर्ची दुमडता दुमडता म्हणाल्या, दादूस म्हणाला, तुझ्या पोटात होतं तेच बाहेर आलं. मग स्वतःच पुढे: “सर, मी लई विचार केला. असेल व्हता माझ्या पोटात. नायतर मी हो कशी बोलले असते?”

फळ्यावर माझी रेघ होती. बाहेरचा, आतला.

सही करताना विमलताईंच्या मनात काय होतं ते त्यांना नीट माहीत होतं. त्यांनी हिशेब आपल्याशी लावला होता — हिस्सा सोडायचा, दार राखायचं — आणि त्या त्यात शांत होत्या. ते शहाणपण होतं की नाइलाज, हे ठरवणारा मी कोण? पण त्यांच्या मनात दोन बाजू नव्हत्या. मी त्या घातल्या. एका खोट्या वाक्याने मी एका जिवंत बाईच्या आत भांडण लावून दिलं, आणि ते भांडण ती स्वतःचंच समजून घरी घेऊन गेली. वर्गात मी पात्रांबद्दल हेच शिकवत होतो. हे पात्र नव्हतं.

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. म्हणालो, “विचार नका करू एवढा. लिहीत राहा.” त्या पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. पुढे मीही वर्ग बंद केला. कारण विचारलं तर गुडघे सांगतो.

मधल्या काळात दादूसचं आणि त्यांचं तुटलं असं नाही. तुटलं असतं तर कदाचित जोडता आलं असतं. ते पाहुण्यांसारखं झालं. सणाला फोन, आजारपणात भेट, सगळं रीतसर. दादूस वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त हे कळून चुकलं होतं — म्हणजे मी कळवलं होतं — की बहिणीच्या पोटात हिशेब आहे. अशा बहिणीशी माणूस कसा वागतो? जपून.

गेल्या महिन्यात विमलताई मला भाजीवाल्याकडे भेटल्या. थकल्या आहेत, पण बोलणं तेच. भाचीचं लग्न झालं म्हणाल्या. तीच, जिने ती कथा वाचली होती. दादूस स्वतः पत्रिका घेऊन आला होता, खुर्चीच्या टोकावर बसला होता. उलव्याजवळ आता विमानतळ झालाय, डोक्यावरून विमानं जात होती लग्नात, भटजीचं एक अक्षर ऐकू आलं नाही, म्हणाल्या, आणि हसल्या. मी विचारलं, मान दिला ना नीट? विचारायला नको होतं.

“दिला ना. लई मान दिला,” त्या म्हणाल्या. “घरात गेल्या गेल्या खुर्ची दिली, पान्याची बाटली दिली. सील असलेली.”

मग त्यांनी भेंडीची एकेक शेंग मोडून बघायला सुरुवात केली, आणि भाजीवाला म्हणाला, मावशी, सगळीच मोडणार का? त्या म्हणाल्या, तुझी जून असेल तर मोडनारच. मी माझी पिशवी घेऊन निघालो. हातभर अंतरावर उभ्या होत्या त्या. सांगायला पुष्कळ वेळ होता.

वर्तमानपत्रात चूक झाली की पुढच्या अंकात, शक्यतो त्याच पानावर, लहान चौकट देतात. छापलं होतं ते काय, आणि वाचावं ते काय. चौकटीत कारणं देत नाहीत. आमच्या त्या दिवाळी अंकाचा पुढचा अंक कधी निघालाच नाही. म्हणून इथे देतो.

त्या अंकातल्या यमुनेच्या कथेचा शेवट लेखिकेचा नव्हता. तो संपादकाने बदलला. लेखिकेला विचारलं नव्हतं, वाचून दाखवलं नव्हतं, आणि त्या कधीही हो म्हणाल्या नव्हत्या. कथेचा शेवट असा वाचावा:

यमुनेनं सही केली. दोघं घरी आली. यमुना कुणाला न विचारता आत गेली. माठावरचं झाकण काढलं, पेला बुडवला आणि उभ्याउभ्याच प्याली. भावजय चुलीपाशी होती, ती काही बोलली नाही. मग यमुनेनं दुसरा पेला भरला आणि बाहेर नेऊन भावाला दिला.